सहा वर्षांच्या मुलाला शाळेसाठी घर सोडायला लावू नका: दोन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री आणि मा. आदिवासी विकास मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: पाड्यांवरील कमी पटाच्या शाळा, लहान मुलांची निवासी शाळांत होणारी रवानगी आणि आश्रमशाळांतील मृत्यूंची नोंद

महोदय,

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यातला, पावरा समाजातला. पहिलीपासून दहावीपर्यंत आश्रमशाळेत शिकलो, पुढे पदवी घेतली, आणि आज माझी मुलगी आमच्या पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत दुसरीत आहे. हे पत्र दोन खात्यांना मिळून लिहितो आहे, कारण एका खात्याने पाड्यावरची शाळा बंद केली की त्याच मुलाचे नाव दुसऱ्या खात्याच्या हजेरीपटावर चढते, आणि सहा-सात वर्षांचे मूल घरातून उठून वसतिगृहात कसे पोचले याचा जाब मात्र कोणालाच द्यावा लागत नाही.

२१ सप्टेंबर २०२३ रोजी शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे अनेक लहान शाळा मिळून एक मोठी शाळा, उभारण्यासाठी जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवले. राज्यात अशा १४,७८३ शाळा असून त्यांत एक लाख ८५ हजारांहून अधिक मुले शिकतात, हा हिशेब शासनाचाच. त्या पत्रात यशस्वी नमुने म्हणून दोन ठिकाणांची नावे होती: पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि आमच्या तालुक्यातले तोरणमाळ. पुढे राज्यभरातून विरोध झाला, शाळा बंद करण्याचा हेतू नाही असे खुलासेही आले. पण १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटानुसार शिक्षकपदे ठरवण्याच्या, शासन निर्णयाने कमी पटाच्या शाळांतली शिक्षकपदे आणखी आकसली, आणि ज्या शाळेत शिक्षकच नाही तिला टाळे ठोकण्यासाठी वेगळा आदेश काढावा लागत नाही. पालक स्वतःच दाखला काढून नेतात. मग 'पालकांचाच कल निवासी शाळेकडे आहे' असे वाक्य अहवालात लिहायला मोकळीक मिळते.

सातपुड्यात वीसचा आकडा कोणत्या हिशेबाने लावला, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे. आमच्याकडे गाव म्हणजे एका जागी बांधलेली वस्ती नव्हे. महसुली गावाचे आठ-दहा पाडे असतात, एक पाडा डोंगराच्या या सोंडेवर आणि दुसरा नाल्यापलीकडे. एका पाड्यावर शाळेच्या वयाची मुले दहा-बारा असणे ही तिथली नेहमीची स्थिती आहे, त्यात शिक्षणाविषयीची अनास्था शोधू नये. शेजारच्या पाड्यावरची शाळा नकाशावर दोन-अडीच किलोमीटर दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये नाला भरला की ती त्या दिवसापुरती तालुक्याच्या गावाइतकीच दूर होते. राज्याच्या शिक्षण हक्क नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे. त्यातल्या किमान पटाच्या अटीकडे बोट दाखवले जाईल याची कल्पना आहे. पण २०१० सालच्या केंद्रीय नियमांत डोंगराळ प्रदेश, पूर, रस्त्यांचा अभाव अशा ठिकाणी मुलांचा धोका टळेल अशा रीतीने अंतराची मर्यादा कमी करावी, असेही स्पष्ट लिहिलेले आहे. आमच्या वाट्याला त्या नियमांतले आकडे तेवढे आले.

आता माझ्या मुख्य आक्षेपाकडे येतो. नवोदय विद्यालये सहावीपासून सुरू होतात. केंद्राच्या एकलव्य निवासी शाळाही सहावीपासूनच आहेत. म्हणजे हुशार मुलांसाठी मुद्दाम निवासी शाळा काढायची वेळ आली तेव्हा मूल साधारण अकरा वर्षांचे झाल्याशिवाय त्याला घरापासून तोडू नये, एवढा विचार या देशाने केलेला आहे. आश्रमशाळा मात्र पहिलीपासून आहेत. राज्यात पाचशेच्या आसपास शासकीय आणि साडेपाचशेच्या आसपास अनुदानित आश्रमशाळा आहेत, आणि त्यांतल्या खालच्या वर्गांत दूध-दात न पडलेली मुले राहतात. नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांच्या योजनेत तर पहिली-दुसरीच्या मुलांना दुसऱ्या जिल्ह्यात पाठवले जाते, जिथे आईला भेटायला जायचे म्हटले तरी दोन दिवसांची मजुरी बुडते. शहरातल्या कोणत्या अधिकाऱ्याने आपले सहा वर्षांचे मूल सरकारी वसतिगृहात ठेवले आहे, असा प्रश्न मी विचारणार नाही, कारण तो टोमणा ठरेल. मी एवढेच विचारतो की वयाचा हा वेगळा दंडक आदिवासी मुलासाठी कोणी, कधी आणि कोणत्या अभ्यासावरून ठरवला?

मी आश्रमशाळेचा ऋणी नाही असे नाही. तिथल्या दोन शिक्षकांमुळे मी गणिताला घाबरेनासा झालो आणि आज हे पत्र लिहू शकतो. आई-वडील ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातेत जातात त्या घरांतल्या मुलांना निवासाची सोय लागतेच, हेही मला माहीत आहे. पण सोय असणे वेगळे आणि दुसरा पर्यायच न ठेवणे वेगळे.

आम्ही तिसरीत असताना माझ्या वर्गातला एक मुलगा पावसाळ्यात तापाने फणफणला. ज्या खोलीत दिवसा शिकायचो तिथेच रात्री सतरंज्या टाकून झोपायचो. पत्र्याच्या पेट्या भिंतीशी ओळीने लावलेल्या, बाके मागच्या बाजूला एकावर एक चढवलेली. मान वळत नाही आणि कंदिलाकडे बघवत नाही, असे त्याने आम्हाला आमच्या बोलीत सांगितले. अधीक्षकांना पावरी येत नव्हती आणि आम्हा कोणालाच ते मराठीत सांगता येत नव्हते. 'ताप आहे' एवढे मात्र सगळ्यांना म्हणता यायचे, तेवढे म्हटले. त्यांनी गोळी दिली. माणूस वाईट नव्हता, त्यांनी त्याला रात्री पाणीही पाजले. दुसऱ्या दिवशी बाजाराला आलेल्या गावच्या माणसाबरोबर त्याला घरी पाठवण्यात आले आणि तो घरीच वारला. हजेरीपटावर काही दिवस गैरहजेरी लागली, पुढे नाव कमी झाले. त्या वर्षी त्या शाळेत एकही मृत्यू झाला नाही, असे कागद सांगतो, आणि कागद खोटेही बोलत नाही.

म्हणून आश्रमशाळांतल्या मृत्यूंचे आकडे वाचताना मला नेहमी प्रश्न पडतो की यात घरी पाठवलेली मुले आहेत का. डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ साली या मृत्यूंविषयी अहवाल दिला. शेकडो मुले सर्पदंशाने, तापाने, बुडून, अपघाताने आणि कितीतरी 'अज्ञात कारणाने' गेल्याची चर्चा तेव्हा वर्तमानपत्रांत आठवडाभर चालली. त्या समितीने सुचवलेल्यांपैकी काय झाले, काय राहिले आणि का राहिले, याचा शाळानिहाय तक्ता आमच्यासारख्या पालकाला कुठे पाहायला मिळत नाही. सानुग्रह अनुदान दिले की खात्याच्या लेखी प्रकरण मिटते. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून आलेल्या जेवणानंतर अनेक आश्रमशाळांमधली मुले एकाच वेळी रुग्णालयात दाखल झाली, तेव्हाही चौकशीची घोषणा झाली. चौकशीत काय निघाले, ते त्या मुलांच्या पाड्यांवर जाऊन कोणी सांगितले का?

इथे मला एका दूरच्या देशाचे नाव घ्यावे लागते. कॅनडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९९०च्या दशकापर्यंत सरकार आणि चर्च यांनी मिळून मूळनिवासी मुलांसाठी निवासी शाळा चालवल्या. किमान दीड लाख मुले त्यांतून गेली. भाषा विसरायला लावणे हाच तिथे उघड हेतू होता, मुलांना बळजबरीने नेले जाई. आपल्या आश्रमशाळा त्या हेतूने निघालेल्या नाहीत आणि दोन्हींना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तरीही तिथल्या इतिहासातल्या काही गोष्टी वाचताना मला माझी तिसरी आठवली. १९०७ साली डॉ. पीटर ब्राइस या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यानेच या शाळांतल्या क्षयाविषयी आणि मृत्यूंविषयी अहवाल दिला होता आणि तो बाजूला ठेवला गेला. आजार हाताबाहेर गेलेली मुले घरी धाडली जात. शंभर वर्षांनी, २००८ साली पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली आणि त्याच वर्षी सत्यशोधन आयोग नेमला गेला. आयोगाने २०१५ साली सांगितले की तोवर आढळलेल्या ३,२०० मृत्यूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलांची नावेच लिहून ठेवलेली नाहीत आणि जवळजवळ निम्म्यांचे मृत्यूचे कारण नोंदलेले नाही. आयोगाच्या ९४ शिफारशींपैकी सहा केवळ हरवलेल्या मुलांविषयी आणि त्यांच्या दफनभूमींविषयी आहेत, आणि मृत्यूंची राष्ट्रीय नोंदवही ठेवा ही त्यांतली एक. तो देश आज महागडी यंत्रे लावून जमिनीखाली मुले शोधतो आहे, कारण वेळच्या वेळी कोणी वही ठेवली नाही. आपल्याकडे वही ठेवण्याची वेळ अजून गेलेली नाही.

आता शिकवण्याविषयी. घटनेचे कलम ३५० (क) सांगते की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय राज्याने करावी. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा म्हणते, आणि २०२० चे राष्ट्रीय धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते. महाराष्ट्रात एक कोटी पाच लाखांवर आदिवासी राहतात (२०११ च्या जनगणनेप्रमाणे). नंदुरबार जिल्ह्यात तर लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक आहे. पावरी, भिल्ली, मावची, वारली, कोरकू, गोंडी, माडिया, कोलामी, कातकरी बोलणारे मूल पहिल्या दिवशी वर्गात बसते तेव्हा समोरचा शिक्षक मराठीच बोलतो आणि दोन वर्षे ते मूल 'गप्प' म्हणून नोंदले जाते. धोरण आम्ही वाचले. आमच्या बोलीतली शिकवणारी बाई मात्र अजून पाहिली नाही.

हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये, कारण याच राज्यात ते होऊन गेले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला वारली पाड्यांवर काम केले तेव्हा मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, आणि जी मुले गुरे राखायला जात त्यांच्यासाठी गुरांच्या मागोमाग कुरणात शाळा भरवली. नर्मदेच्या काठी, आमच्याच जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, चिमलखेडीला नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सरदार सरोवर धरणाच्या बुडिताशी झुंजणाऱ्या लोकांनी जीवनशाळा उभी केली आणि पावरी-भिलालीतून शिकवले. २०००च्या सुमारास शासनाने स्वतः वस्तीशाळा काढल्या, त्यांत स्थानिक तरुण तुटपुंज्या मानधनावर शिकवायला उभे राहिले आणि पुढे त्यांना नियमित सेवेत घ्यावे लागले, इतके त्यांचे काम टिकाऊ ठरले. या तिन्ही ठिकाणी वीसचा पट कोणी मोजला नव्हता.

आणि अलीकडचे उदाहरण गडचिरोलीचे. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोटुलच्या, म्हणजे गोंड गावातल्या मुला-तरुणांनी एकत्र शिकण्याच्या, परंपरेला धरून गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शिक्षण विभागाने काय केले? शाळा अनधिकृत असल्याची नोटीस बजावली, त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या आधारे, ज्यात मातृभाषेचे कलम आहे. ग्रामसभेला न्यायालयाची पायरी चढावी लागली. घटनेच्या पाचव्या अनुसूचीतला आदिवासी प्रदेश, तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, राज्याचे पेसा नियम २०१४ चे, आणि ग्रामसभेने आपल्या पोरांना आपल्या भाषेत शिकवले तर तो गुन्हा.

संस्कृतीविषयी एकच गोष्ट सांगतो. होळीआधी आमच्याकडे भोंगऱ्या बाजार भरतात, माणसे पालनी (होळीचे व्रत) पाळतात, बुध्या होऊन अंगावर राखेचे ठिपके काढतात, कमरेला वाळलेले भोपळे बांधतात. ढोल कसा धरायचा हे मूल सात-आठ वर्षांचे असताना काकाच्या मागे उभे राहून शिकते. ते वय माझे शाळेत गेले, कारण होळीच्या दिवसांत परीक्षेची घाई असायची आणि लांब सुट्टी दिवाळीला. मात्र ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, पाहुणे आले की आम्हाला मोरपिसांचे टोप घालून नाचवले जाई. टोप भाड्याचे असत, आणि ते उलटे घातले तरी सांगणारे कोणी नसे.

या सगळ्यावर कडी म्हणजे मे २०२५ मधला निर्णय. आदिवासी विकास विभागाने शासकीय आश्रमशाळांतली १,७९१ शिक्षकपदे बाह्यस्रोतातून भरायचे ठरवले. वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबलेले वर्ग तीन आणि चारचे कर्मचारी जुलैपासून नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर भर पावसात बिऱ्हाड मांडून बसले. त्यांच्या नोकरीचा प्रश्न त्यांनी मांडलाच आहे. मी पालक म्हणून दुसरी बाजू मांडतो. कंत्राटदाराने पाठवलेला शिक्षक पुढच्या वर्षी असेलच याची खात्री नाही, तो मुलाची बोली कशाला शिकेल? अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरायची पदे न्यायालयीन वादात अडकली आणि पात्र झालेली आमची मुले-मुली मानधनावर थांबली. ज्यांना बोली येते ते दाराबाहेर आणि आत येणार तो एजन्सीचा माणूस, हा कारभार समजण्यापलीकडचा आहे.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

अनुसूचित क्षेत्रातली कोणतीही प्राथमिक शाळा पटाच्या कारणाने बंद किंवा विलीन केली जाणार नाही, आणि पाड्याच्या ग्रामसभेच्या लेखी संमतीवाचून तिथले शिक्षकपद काढले जाणार नाही, असा स्वतंत्र शासन निर्णय काढावा. तोंडी आश्वासन आम्हाला पुरेसे नाही.

पहिली ते पाचवीच्या मुलांचे निवासी प्रवेश टप्प्याटप्प्याने बंद करावेत, आणि त्यांच्यावर होणारा खर्च पाड्यावरच्या शाळेकडे वळवावा. अनाथ मुले आणि ज्यांचे पालक स्थलांतर करतात ती मुले यांच्यासाठी गावातच, आजी-आजोबांच्या नजरेसमोर हंगामी वसतिगृहे चालवावीत. ही योजना कागदावर आहेच, तिला वेळेवर पैसे द्यावेत. नामांकित शाळांच्या योजनेलाही सहावीची अट लावावी.

प्रत्येक आश्रमशाळेत, विशेषतः रात्री, मुलांची बोली समजणारा किमान एक प्रौढ कर्मचारी असणे बंधनकारक करावे. अधीक्षक, अधीक्षिका किंवा कामाठी, कोणीही चालेल. आणि त्याला आजारी मूल दवाखान्यात नेण्याचा अधिकार व वाहन असावे. मुख्याध्यापकांच्या परवानगीसाठी सकाळपर्यंत थांबावे लागू नये. बाह्यस्रोत भरतीचा निर्णय मागे घ्यावा आणि पहिल्या तीन इयत्तांना स्थानिक बोली येणारे कायम शिक्षक द्यावेत.

२००१ पासून आजवर आश्रमशाळांत दाखल असलेल्या प्रत्येक मुलाच्या मृत्यूची नोंदवही खात्याबाहेरच्या तज्ज्ञांकडून तयार करून घ्यावी. आजारपणात घरी पाठवल्यानंतर तीन महिन्यांच्या आत वारलेली मुलेही तीत असावीत. मुलांची नावे उघड करण्याची गरज नाही. शाळा, वय, महिना, कारण आणि वैद्यकीय उपचार केव्हा मिळाले एवढे प्रसिद्ध करावे. साळुंखे समितीच्या प्रत्येक शिफारशीपुढे सद्यस्थिती लिहून तो तक्ता विधिमंडळात ठेवावा.

मोहगावच्या शाळेवरची कारवाई थांबवून तिला मान्यता द्यावी, आणि ग्रामसभांनी चालवलेल्या मातृभाषेच्या शाळांना मान्यता देण्याची पद्धत ठरवावी.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. ज्यांना पैसा लागतो त्यांच्यासाठी आदिवासी उपयोजनेची तरतूद दरवर्षी होते आणि ती पूर्ण खर्ची पडत नाही अशी तक्रार आपल्याच सभागृहात होत असते.

पुढचे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होईल. त्याआधी कृपया लेखी उत्तर द्यावे आणि ते माझ्या नावे न पाठवता अक्राणी तालुक्यातल्या ग्रामसभांच्या नावे पाठवावे. उत्तर मराठीत असले तरी चालेल; पावरीत वाचून दाखवण्याची व्यवस्था आम्ही करू.

आपला,
आश्रमशाळेचा एक माजी विद्यार्थी आणि पालक
अक्राणी तालुका, जि. नंदुरबार